जिभेपर्यंत येणाऱ्या वाटा

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतल्या पाच जिभेपाशी येतात: पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी. पुढच्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श आणि वेदना पाचवी नेते, त्याच भागाची चव सातवी नेते. मागच्या एक तृतीयांशाची चव आणि स्पर्श दोन्ही नववीकडे. अगदी मुळाशी, घशाच्या तोंडाला, दहावी. आणि जीभ हलवायची ती बारावीनं.

एवढी वाटणी का, याचं उत्तर गर्भात आहे. जीभ एका जागी घडतच नाही. तिचा पुढचा भाग जबड्याच्या कमानीतून येतो, मागचा त्याखालच्या वेगळ्या कमानीतून, आणि स्नायू तर डोक्याच्या मागच्या बाजूनं सरकत सरकत तोंडात उतरतात. येताना आपली नस बरोबर आणतात. तेलंगणातून विणकर सोलापुरात आले आणि घरातली तेलुगू त्यांनी सोडली नाही, तसंच हे. मला शरीरशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

•

‘वळसंग’ हे आमच्या गावाचं नाव म्हणताना जिभेचं टोक वर उचललं जातं, मागे वळून टाळूला टेकतं आणि कडांवरून हवा निसटते. क्षणभराचं काम. आमच्याकडे घराघरांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, आणि ‘ळ’ दोन्हींत आहे. त्यामुळे इथल्या पोराची जीभ ही कसरत फार लवकर शिकते. जिभेचे आठ जोडी स्नायू, त्यांतले सात बारावीच्या हुकमात. टाळूला जोडणारा एकच स्नायू दहावीकडून चालतो.

जीभ बाहेर काढायला सांगितली आणि ती एका बाजूला कलली, तर ज्या बाजूला कलली तीच बाजू दुबळी. निरोगी बाजूचा स्नायू तिला पुढे ढकलतो, दुबळा ढकलू शकत नाही. उपकरण लागत नाही, पैसे लागत नाहीत.

•

शेंगाचटणी. मीठ कळतं ते जिभेवरच्या स्वादकलिकांना. तिखट मात्र कलिकांना कळतच नाही, कारण ती चव नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन पाचव्या नसेच्या टोकांवरचं उष्णतेचं दार उघडतं, आणि चटका बसल्यावर जो निरोप जातो तोच मेंदूला जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं हे दार १९९७ मध्ये शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळालं. तिखट ही चव नाही, म्हणूनच चटणीनं ओठही जळतात, जिथे एकही स्वादकलिका नाही. पाणी पिऊन आग शमत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दही खा, नाहीतर कडक भाकरीवर तेल घ्या.

आयुर्वेदाच्या सहा रसांकडे या नजरेनं पाहिलं की आदर वाढतो. गोड, आंबट, खारट आणि कडू हे चार कलिकांचे. तिखट पाचवीचं, आणि तुरटही बहुतांशी तिचंच, कारण तुरटपणात तोंड आवळल्याचा स्पर्श असतो. जुन्या वैद्यांनी नसा मोजल्या नाहीत, तोंडाला काय काय जाणवतं ते मोजलं. ती मोजणी प्रामाणिक आहे.

•

शाळेच्या पुस्तकातला जिभेचा नकाशा (टोकाला गोड, मागे कडू) मुलांना शिकवू नये. १९०१ मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जागोजागी अगदी किरकोळ फरक दिसले होते. पुढे चित्रात ते फुगवले गेले. जिथे कलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात.

•

पुढच्या जिभेची चव नेणारा धागा, कॉर्डा टिंपनी, मेंदूकडे जाताना कानातून जातो. पडद्याच्या आतल्या बाजूला, हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून. कानाच्या ऑपरेशननंतर कुणी म्हणालं की अर्ध्या जिभेला चहा पत्र्यासारखा लागतो, तर ते खरंच असू शकतं. चेहऱ्यावरून वारं गेलेल्या माणसाचंही तसंच. तोंड वाकडं झालेलं सगळ्यांना दिसतं, चव गेलेली त्यालाच माहीत. लाळेच्या दोन ग्रंथींना पाझरायला सांगणाराही हाच धागा.

•

“दाढ खालची हाय, मग जिभंला कशाला मुंग्या आल्या ओ डॉक्टर?”

मावशी, खालच्या जबड्याचं हाड घट्ट. औषध त्यातून झिरपत नाही, म्हणून नस हाडात शिरते तिथेच, तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात, सुई द्यावी लागते. जिभेची नस तिथून जेमतेम बोटभर अंतरावर. तीही झोपते. अर्धा ओठही झोपतो. वरच्या दातांचं हाड सच्छिद्र, तिथे दाताशेजारी टोचलं तरी भागतं.

लहान मुलांच्या आईबापांना एवढंच सांगतो: बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका. पोरं ओठ चावून चावून जखम करतात आणि त्यांना कळत नाही.

•

आता मिश्री. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, सकाळी बोटानं हिरड्यांवर फिरवायचा. आमच्या भागातल्या कितीतरी बायका याला दात घासणं म्हणतात. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्यानं वळसंगला येताना कुंभारी लागते. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत आहे. दिवसभर तंबाखू हाताशी असतो. मी कुणाला दोष देत नाही. भूक मारायला, दाढदुखी दाबायला, झोप उडवायला दुसरं स्वस्त काही त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. दिवा घेऊन तोंडात पाहणं, एवढंच मूळ काम. आमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. घरी बसून राहिलेल्या माणसापर्यंत जाऊन नोंद करायची, ही त्या कामाची रीत. या दोन कामांबद्दल आपण फार कमी बोलतो.

•

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. साध्या सुपारीवर नाही. आणि तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल पट्ट्यासारखा ताठ होतो. नसा शाबूत, स्नायूंना हुकूम पोचतो, पण तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जायला हवीत. पोरगा दोनवर अडतो.

त्याच्या आधी एक खूण येते, आणि ती घरात बायकांना पहिल्यांदा कळते: काल-परवापर्यंत चटणीवर ताव मारणारा मुलगा साधी आमटीही तिखट म्हणून बाजूला सारतो. अस्तर पातळ होतं, पाचवीची टोकं उघडी पडतात. अशा मुलाला “फार नखरे करतोस” म्हणू नका. खिसा तपासा.

•

“दुखत न्हाई की. मग कशाला दाखवायचं?”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. तोंडाचा कर्करोग वरच्या थरात सुरू होतो आणि तिथे असेपर्यंत बहुधा दुखत नाही. दुखायला लागतो तो खोल गेल्यावर, नसेपर्यंत पोचल्यावर. तेव्हाही दुखणं भलतीकडे उमटतं. जिभेच्या कडेची जखम कानात ठणकते, कारण जिभेची आणि कानासमोरची नस एकाच पाचवीच्या फांद्या. माणूस महिनाभर कानात थेंब घालत बसतो. दाताचं काहीही न करता खालचा ओठ बधिर झाला, तर तीही साधी गोष्ट नाही. जबड्याच्या हाडातल्या नसेवर काहीतरी दाबतंय.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी लोकांची तोंडं पाहिली. २००५ मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. नुसतं पाहून.

आशाताईंना हे शिकवता येतं. ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा तरी ठरवून करावं.

आणि घरी: उजेडात आरसा धरा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, वर उचलून खालची बाजू बघा, बोटानं गाल ओढून आतला भाग आणि हिरड्यांची खाच बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यांतलं काहीही दिसलं तर कुंभारीच्या रुग्णालयात, सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात दाखवा. दुखायची वाट पाहू नका.