शर्यत आठला, सायकल सातला!

बालमित्रांनो, साताऱ्याहून कण्हेर धरणाच्या बाजूने आलात, की वेण्णेकाठी लागतं ते आमचं मेढा. जावळी तालुक्याचं मुख्य गाव. वेण्णा महाबळेश्वरला उगम पावते, मेढ्यावरून वाहत संगम माहुलीला कृष्णेला मिळते. तिच्या उलट दिशेने निघालात, की केळघर आणि पुढे घाट चढून महाबळेश्वर! म्हणजे सायकलवाल्याला जाताना चढ, येताना उतार.

एकदा आमच्या मुलांची मेढा ते केळघर आणि परत अशी शर्यत ठरली. सुरुवात सकाळी आठला. सातवीतला एक मुलगा सातला धावत आला. "बाई, पंक्चर झालीय!" सायकल वडिलांची. आधी ती दूध घेऊन डेअरीला जाणार, मग याच्या हाती येणार!

आम्ही दुकान गाठलं. सायकलवाल्या काकांनी ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे आले, तिथे पॉलिशपेपरने घासून सोल्युशन लावलं. ते सुकू द्यायचं, मगच ठिगळ चिकटवायचं, बरं का! ठिगळ बसताच पोरगा घाईने टायर चढवायला लागला.

"थांब. काटा कुठाय?" काकांनी टायरच्या आतून अलगद बोट फिरवलं. बाभळीच्या काट्याचं टोक तिथेच होतं! तसंच चाक बसवलं असतं, तर लगेच दुसरं पंक्चर.

मग ब्रेक पाहिला. रबरं पार झिजलेली. "काका, राहू द्या. चेनला तेल घाला, जोरात पळायचंय."

"पळशील रे. उतारावर थांबशील कसा?"

नवी रबरं बसेपर्यंत पावणेआठ झाले. तेल राहिलंच!

परतीच्या उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला. गडी जागच्या जागी थांबला, कळप जाऊ दिला आणि सहावा आला. जरा हिरमुसला, पण सायकल धड आणि गुडघेही धड! दुसऱ्या सकाळी दूध वेळेवर डेअरीत पोहोचलं.

अशी वेळ मोठमोठ्यांवरही येते. १९१३ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत घाट उतरताना युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोन्‌मैल चालला आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच चिमटा जोडला. नियमच तसा होता. एका मुलाने भाता हलवला, म्हणून त्याला दंडही झाला! तरी त्याने शर्यत पुरी केली.

तेव्हा मित्रांनो, शर्यत असो वा शाळा, हवा आणि ब्रेक आदल्या रात्रीच बघा. आणि पंक्चर काढलंत, तर काटा शोधायला विसरू नका हं!