तांब्याभर पाणी

आमच्या महाविद्यालयातल्या चर्चासत्राचा विषय होता ‘ऑनलाइन संशोधन पद्धती’ आणि माझ्या वाट्याला आली स्वागत समिती. विषय कितीही नवा असो, या समितीची कामं ठरलेली. मुंबईच्या गाडीनं पहाटे उतरणाऱ्यांना आणायचं, शाली मोजून ठेवायच्या, हल्ली नारळाऐवजी रोपटी द्यायची असतात तर ती सुकणार नाहीत हे पाहायचं. सभागृहात साठेक माणसं होती, पडद्यावर त्याच्या दुप्पट. सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीपाशी आम्ही पाण्याची बाटली ठेवली. पडद्यावरच्यांना काय ठेवणार? काळ्या चौकोनात नुसती आद्याक्षरं. ‘सर्वांनी माइक बंद ठेवावेत’ हेच त्यांच्या वाट्याचं स्वागत.

मला ते लागलं. आमच्याकडे दारात आलेल्याच्या हाती आधी तांब्या जातो, नाव-गाव मागून. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. त्या उन्हाळ्यातही घरात हे सुटलं नाही. तांब्याच्या जागी पेला आला, तोही अर्धा, आणि पाहुणासुद्धा समजून दोनच घोट घ्यायचा.

माझं स्वतःचं संशोधन असल्याच पाण्यावर झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून गावं झोपलेली असताना पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. त्यातल्याच एका गावात पुढं काही वर्षांनी मी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन हिंडत होतो. रुंद रस्ते, एकसारखी घरं, ओळखीच्या खुणा कमीच. एका ओसरीवर एक आजी तूर पाखडत होत्या. मी कागद काढला तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“आधी पाणी घ्या, बाबा. मग इचारा काय इचारायचं ते.”

पाणी प्यालो आणि पहिला, सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला. घरात माणसं किती?

“आताचे सांगू का तवाचे?”

कागदावर चौकट एकच होती. मी पेन धरून बसून राहिलो. त्याही काही बोलल्या नाहीत, पुन्हा सूप ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांनी दोन्ही आकडे सांगितले आणि मी एकाच चौकटीत मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिले. मार्गदर्शकांनी नंतर त्या रेघेवर लाल गोल केला, ती गोष्ट वेगळी.

चर्चासत्रात दुपारी प्रात्यक्षिक होतं, मोबाइलवर प्रश्नावली कशी करायची याचं. मी गंमत म्हणून त्या चौकटीत तीच तिरकी रेघ टाकून पाहिली. फॉर्म पुढं सरकेना. फक्त संख्या भरा, म्हणाला.

ऑनलाइनला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. पूर्वी एखादा प्रबंध चाळायचा तर त्या-त्या विद्यापीठात जाऊन ग्रंथपालाची मर्जी सांभाळावी लागे. आज निलंग्याची मुलगी घरात बसून ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध उघडते. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर शोधायला गेलं की सापडत नाही आणि कॉपी केला की त्याचं भुताटकीच्या लिपीत रूपांतर होतं, हा ताप आहेच. पण एसटीचं भाडं वाचतं, आणि ते कुणाला वाचतं हेही मला ठाऊक आहे.

संध्याकाळी प्रमाणपत्रं गेली. ती मिळण्याआधी अभिप्रायाचा फॉर्म भरणं सक्तीचं होतं, त्यामुळे सगळ्यांनी भरला. रात्री मी उत्तरं पाहत बसलो. ‘भोजन व्यवस्था कशी वाटली?’ या प्रश्नाला घरूनच हजर राहिलेल्या बहुतेकांनी ‘उत्कृष्ट’वर खूण केली होती.