कपाशी हवेतून उगवते!

भडगावच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला कपाशी काय नवीन? पण परवा वाचलं आणि रात्री झोपच लागेना. बोंडातून वेचलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र रुईत मातीचं जवळपास काहीच नसतं! रुई म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज. त्यात कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, बस. पहिले दोन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे, हायड्रोजन पाण्याचा. गिरणा नदीचं पाणी आणि शिवारातली हवा, उन्हाच्या जोरावर जोडलेली!

मग धीर कुठला! कपाशीच्या पानाच्या पाठीला नखपॉलिश लावलं, वाळल्यावर चिकटपट्टीनं सोललं आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पर्णरंध्रं! इवल्या ओठांसारखी अर्धवट उघडी, जिकडे बघावं तिकडे. हवेच्या दर दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. ते या फटींतून आत जातात, आणि त्यावर अख्खं पीक उभं राहतं.

झाड मातीतून किती घेतं हे पूर्वी ब्रसेल्सच्या फान हेल्मोंटनं मोजून पाहिलं: कुंडीत तोललेल्या मातीत विलोचं झाड वाढवलं. पाच वर्षांत झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं, माती घटली ५७ ग्रॅमच्या आसपास. १६४८ साली छापलेल्या ग्रंथात त्यानं सगळं श्रेय पाण्याला दिलं. हवेचा वाटा पुढच्यांनी शोधला.

आपल्याकडे तर हे दर हिवाळ्यात डोळ्यांसमोर घडतं. भरताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवतो, भलामोठा ढीग भडभडा जळतो आणि उरते ओंजळ-दोन ओंजळ राख. ती राख जमिनीची: पालाश, चुना, थोडं स्फुरद. बाकी जवळजवळ सगळं हवेतून आणि पाण्यातून आलं होतं, हवेतच गेलं. ज्या उष्णतेवर वांगं भाजलं ती गेल्या पावसाळ्यापासून साठलेली उन्हाची ऊब!

सरकीचंही तेच. ढेप म्हशीच्या पोटात, थोडं दुधात, थोडं शेणात, उरलेला कार्बन तिच्या उच्छ्वासातून परत शिवारावर. तोच कदाचित शेजारच्या केळीच्या पानात शिरतो, घडात गोड होतो आणि आपल्या ताटात येतो. माझ्या हाताच्या हाडामांसातला कार्बनही कधीतरी कुठल्यातरी पानानंच हवेतून ओढलेला आहे!

एवढंच मागणं: भरतापुरत्या पऱ्हाट्या ठेवा, बाकीच्या बांधावर पेटवू नका. धुराबरोबर नत्रही उडून जातं. बारीक करा, शेणखतात कुजवा आणि रानाला परत द्या.