ही लाट जाऊ द्या

नागपूर–कोल्हापूर एक्स्प्रेस हिंगोलीहून आठवड्यातून दोनदाच जाते, आणि डब्यातली बरीच माणसं पंढरपूरची असतात. वसमतला चढलेलं एक जोडपं समोरच्या बाकावर बसलं. "तुम्ही बी पंढरपूरलाच का?" मावशींनी दशम्यांचं फडकं सोडता सोडता विचारलं. "नाही मावशी, पुढं. गोव्याला. लाटा पकडायला." मावशींनी नवऱ्याकडं पाहिलं, नवऱ्यानं खिडकीबाहेर. लातूर येईपर्यंत त्यांनी मला दशमी दिली, लसणाची चटणी दिली; प्रश्न मात्र पुन्हा एकही विचारला नाही.

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांतल्या साठ्याची टक्केवारी. पोहायला आम्ही विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, हलायचं ते माणसानं. समुद्रात पाणीच तुमच्याकडे चालून येतं, हे मागच्या हिवाळ्यात गोव्यातल्या हरमलला कळलं. तेव्हा सर्फिंगच्या फळीवर उभं राहायला शिकलो होतो, तेही फेसात. कमरेएवढ्या पाण्यात शिकवणारा फळी ढकलतो, फुटलेल्या लाटेचा फेस तुम्हाला किनाऱ्याकडे नेतो, फोटो झकास येतात. पण आत, न फुटलेली लाट आपल्या हातांच्या जोरावर पकडायची म्हटलं, की तासातासात एखादी गवसते. आता ती संख्या वाढवायची होती.

कोल्हापूरहून एसटीनं आजरा, मग आंबोली. घाट उतरला की अंगाला घाम चिकटू लागतो. सावंतवाडीनंतर आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीवरचा पूल ओलांडला की गोवा, आणि हरमल तिथून जवळच.

शिकवणारा पोरगा हरमलचाच, रापणकारांच्या घरातला. भल्या सकाळी मी फळी काखोटीला मारून निघालो, तर त्यानं ती काढून वाळूत ठेवली. "दादा, बसा. आधी बघा." काय बघायचं? लाटा एकसारख्या येत नाहीत, हे. तीन-चार मोठ्या एकामागून एक येतात आणि मग पाणी बराच वेळ गप्प पडतं. सर्फर मंडळी या मोठ्या लाटांच्या टोळीला सेट म्हणतात. गप्प वेळात आत जायचं, सेट येईपर्यंत जागेवर असायचं. नवशिका नेमका उलट करतो: मोठ्या लाटा दिसल्या की उत्साहानं धावतो, त्यांच्याशी झुंजत आत पोहोचेपर्यंत दमतो, आणि मग शांत पाण्यात बसून राहतो.

या लाटा येतात तरी कुठून? काही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या. हिवाळ्यात अरबी द्वीपकल्पाकडून शमाल नावाचे वारे वाहतात, त्यांनी उठवलेल्या लाटाही अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. पोरगा रोज फोनवर लाटांची उंची, दिशा आणि दोन लाटांमधलं अंतर बघतो. हा सरकारी अंदाज देणारी संस्था आहे हैदराबादेत. मला गंमत वाटली. १९५६ पर्यंत आमच्या हिंगोलीचा कारभारही तिथूनच चाले, आणि समुद्र तिथूनही काही हाकेच्या अंतरावर नाही.

सकाळची वेळही उगाच नव्हती. जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, तो लाटेचा चेहरा सपाट ठेवतो, ती उभी राहते आणि जरा उशिरा फुटते. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि सगळं पाणी विस्कटतं. हे दोन्ही वारे शाळेत पाठ करून मी मार्क मिळवले होते. उपयोग मात्र असा इतक्या वर्षांनी झाला.

मग जागा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे पाण्याखाली वाळूचा उंचवटा असेल तिथे ती आधी फुटणार, आणि तुम्ही त्याच्या किंचित पलीकडे हवे. पण प्रवाह माणसाला नकळत बाजूला नेतो. यासाठी पोरग्यानं दोन खुणा दिल्या: किनाऱ्यावरचा एक वाकडा माड आणि मागे टेकडीवरचं पांढरं घर. दोन्ही एका रेषेत दिसली की जागा बरोबर. मासे कुठे लागतात ती जागा होडीवालेही असंच लक्षात ठेवतात. माझ्या लाटा वाढल्या त्या सगळ्यात जास्त या माडामुळे. दंडातल्या ताकदीचा नंबर त्याच्या बराच मागे.

ताकद लागते ती शेवटच्या क्षणांत. चालत्या बैलगाडीत मागून बसायचं तर आधी तिच्या वेगानं पळावं लागतं, तसं लाट पोहोचण्याआधी फळीला वेग हवा. छाती खाली, फळीचं टोक पाण्याच्या जेमतेम वर. अंग मागे सरकलं तर फळी पाणी नांगरते आणि लाट खालून निघून जाते. पुढे सरकलं तर टोक बुडतं आणि माणूस कोलांटी खातो. लाटेनं उचलल्यासारखं वाटलं की माझे हात थांबायचे. "आणखी दोन मारा!" पोरगा ओरडायचा. त्या दोन हातांनीच काम होतं.

एरवी त्याचं पालुपद एकच: "ही न्हय. ही जाऊ द्या." सेटमधली पहिली लाट मला फार गोड दिसे. पण तिच्यामागे लागून ती हुकली, की तोंड किनाऱ्याकडे, आणि मागच्या साऱ्या डोक्यावर फुटणार. पहिली सोडली तर तिच्या पाठीवरून मागची नीट दिसते. शिवाय फुटण्याच्या जागेजवळ दुसरा कोणी असेल तर लाट त्याची, हा जगभरचा नियम.

दुपारी शॅकमध्ये त्यानं फोनवर रमेश बुदिहाळ दाखवला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा. स्पर्धेत लाटा कितीही घ्या, गुण धरतात ते सर्वांत चांगल्या दोनच लाटांचे, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, बाबा, मला कुठं पदक हवंय? मी इतक्या लांबून आलोय, मला भरपूर हव्यात.

तो हसला. "मग उद्या पावणेआठला या. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. आणि पातळ भाजी-पाव खाऊन येऊ नका, पोटावर निजायचंय."