योसेमिटीला जायचं, पण केव्हा?

धबधबा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रावण येतो, आंबोली येते, ओलंगच्च हिरवं रान येतं. पण मैत्रिणींनो, कॅलिफोर्नियात लेकाकडे किंवा लेकीकडे जाणार असाल आणि योसेमिटी पाहायचा बेत असेल, तर श्रावण विसरा. तिथल्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर बर्फ साठतो, वसंतात तो वितळू लागतो आणि मे-जूनमध्ये कडे पांढरेशुभ्र वाहू लागतात. २,४२५ फूट उंचीचा, तीन टप्प्यांत कोसळणारा योसेमिटी धबधबा ऑगस्टमध्ये बहुधा आटलेला असतो. तेव्हा चिरंजीवांना रजा मे-अखेरीची घ्यायला सांगा, नाहीतर चार तास मोटारीत बसून कोरडा कडा पाहून याल!

दरी जेमतेम सात मैल लांब आणि मैलभर रुंद. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या सरळसोट भिंती. एल कॅपिटनचा कडा तर तीन हजार फूट उभा. दुर्बीण नेलीत तर त्यावर मुंगीएवढे गिर्यारोहक दिसतील. गाडी एकदा लावली की दरीत फिरायला फुकट बस आहे.

तिथं पोचल्यावर मात्र पिशव्या सांभाळत बाकावर बसू नका. “तुम्ही या जाऊन, मी थांबते इथंच,” हे वाक्य आपल्या तोंडात फार. गुडघे कुरकुरत असले तरी योसेमिटी धबधब्याच्या पायथ्याची मैलभराची वाट बरीचशी सपाट आहे. चालायची सवय असेल तर व्हर्नल धबधब्याकडे निघा. पाऊण मैल चांगलीच चढण चढलं की पूल लागतो आणि तिथून धबधबा दिसतो. पुलाजवळ स्वच्छतागृह आहे, ही सोय आपल्या दृष्टीनं लहान नव्हे. तिथूनच परतलात तरी सहल पुरी झाली, असं मी म्हणेन.

पुढं ‘मिस्ट ट्रेल’. सहाशेंहून जास्त दगडी पायऱ्या, अंगावर तुषारांचा मारा, आणि ऊन असलं तर हाताच्या अंतरावर इंद्रधनुष्य! पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून साडीचा हट्ट नको. सलवार-कमीज, घट्ट पकडीचे बूट आणि वर रेनकोट. पर्सही नको, हात मोकळे हवेत. नातवंडं बरोबर असतील तर माथ्यावर डोळ्यांत तेल घालून बसा. तिथं पाणी शांत वाटतं, पाय बुडवावेसे वाटतात. जुलै २०११ मध्ये कठडा ओलांडून गेलेले तिघंजण तिथूनच वाहून गेले. फोटोसाठीसुद्धा कठड्यापलीकडे पाऊल टाकू देऊ नका.

आता डब्याचं. इथं अस्वलं आहेत, आणि वासावरून ती गाडीची काच फोडतात. म्हणून अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायला बंदी आहे. लाडू-चिवडा तर काढाच, पण साबण, टूथपेस्ट, पावडरसुद्धा! खोलीत उतरला असाल तर सगळं खोलीत न्या. तंबूत असाल तर लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात.

लिंकननी १८६४ मध्ये ही दरी जनतेसाठी राखून ठेवली, १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी, १८५१ मध्ये, इथल्या मूळ अहवाहनीची लोकांना सशस्त्र तुकडीनं हुसकावलं होतं, हे मात्र घाईत कुणी सांगत नाही. दरीतलं म्युझियम उघडं असेल तर अर्धा तास राखून ठेवा. इथल्या बायका टोपल्या इतक्या घट्ट विणत, की त्यांत पाणी ठरे. ओकच्या फळांचं पीठ त्या पाण्यात कालवून, वर तापलेले दगड टाकून, टोपलीतच पेज शिजवीत.