आधी तंजावर, मग थंड हवा

सहलीला कोठे जायचे हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात कधी सुटत नाही. तो पुढच्या सुट्टीवर ढकलला जातो. दिवाळीत आपण मे महिन्याचे बेत करतो आणि मे महिन्यात दिवाळीचे. मधल्या काळात कोणाचे तरी लग्न निघते, घराला रंग द्यायचा असतो, नाहीतर मुलांची परीक्षा येते. माझ्या आईच्या पिढीत तर सहल म्हणजे कोणाच्या तरी लग्नाला जाताना वाटेत लागलेले देऊळ! तात्या, म्हणजे आमचे वडील, निवृत्त झाले की दक्षिणेकडे जायचे, असे त्या दोघांचे ठरले होते. पुढे, नातू जरा मोठा झाला की जायचे, असे ठरले. नातू मोठा झाला तोवर आईने अंथरूण धरले होते. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

यंदा पुन्हा विषय निघाला तो तात्यांच्या डोळ्यांमुळे. जुलै महिन्यात त्यांचे मोतीबिंदू काढले. काळा चष्मा उतरल्यापासून त्यांनी घरात वाचण्यासारखे जे जे होते ते वाचून काढले. पंचांग झाले, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरे झाली, माझ्या विद्यार्थ्यांचे निबंधही झाले. या शेवटच्या वाचनाने त्यांचा रक्तदाब थोडा वाढला, ते सोडा. मग एके दिवशी ताकभात कालवता कालवता ते सहज म्हणाले, "तंजावरची ती भिंत तेवढी वाचायची राहिली."

आता ही भिंत कोणती, ते सांगायला हवे. तंजावरचे बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने बांधले. १०१०च्या सुमारास ते पुरे झाले. दोनशे फुटांहून उंच असे त्याचे विमान आजही उभे आहे. या चोळांच्या देवळात आपल्या मराठीचे काय काम, असे कोणी विचारील. तर शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ साली कंपनी सरकारने ते खालसा करीपर्यंत, जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे, तेथे भोसल्यांची गादी होती. त्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या वंशाचा सारा इतिहास या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. भाषा मराठी, लिपी देवनागरी. भोसल्यांचे घराणे महाराष्ट्रातले, देऊळ चोळांचे आणि भिंत कावेरीकाठची! इतका लांबलचक मराठी शिलालेख पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागते, ही गंमत मी वर्गात दरवर्षी सांगतो. मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत "तंजावर कर्नाटकात आहे" असे लिहितात.

तात्यांचा ओढा मात्र परीक्षेपुरता नव्हता. त्यांची सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मोडी कागद वाचणारा त्यांच्या कचेरीत अखेरपर्यंत तो एकच माणूस होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडी कागदांची बाडेच्या बाडे आहेत, हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही खुलला, की एखाद्याला आपल्या सोयऱ्याचा पत्ता लागावा! त्यातच मी सांगितले, की याच सरफोजीराजांना वैद्यकाचा नाद होता, आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या त्यांच्या वेळच्या नोंदी चित्रांसह त्या ग्रंथालयात आहेत. तात्या म्हणाले, "म्हणजे माझे डोळे योग्य ठिकाणीच निघाले म्हणायचे!"

एवढ्यावर बेत ठरला असता. पण घरात आणखी दोन मतदार आहेत. चिरंजीव आठवीत आहेत. "तंजावरला काय आहे?" या त्यांच्या प्रश्नाला मी राजराज चोळापासून सुरुवात केली, तेव्हा त्यांनी शांतपणे कानात यंत्र खुपसले. त्यातल्या त्यात त्यांना रुचली ती सांबाराची दंतकथा. संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलांऐवजी चिंच घातली आणि सांबार जन्माला आले, असे सांगतात. या कथेला पुरावा मागू नये. काही गोष्टी पोटाने मान्य करायच्या असतात.

सौ. मात्र गप्प होती. ती एका सहकारी बँकेत काम करते. आईच्या आजारपणाची दोन वर्षे तिने बँक सांभाळून काढली. रात्रीचे औषध तिनेच दिले, आणि सकाळचा डबाही तिनेच भरला. मी खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही खुशाल भिंत वाचा. मला काहीच वाचायचे नाही, काहीच बघायचे नाही. कुठेतरी गार हवेत चार दिवस नुसते बसायचे आहे. आणि 'आज भाजी काय करायची' हे मला कोणी विचारता कामा नये." तिने काही मागितल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे हे मागणे मला शिलालेखाइतकेच ठळक वाटले.

तंजावरात गार हवा नाही. कावेरीचा तो सपाट, भाताचा मुलूख. पण नकाशा उघडला आणि बोट पश्चिमेकडे सरकवले, तर सुमारे अडीचशे किलोमीटरवर पळणीच्या डोंगरात कोडाईकनाल आहे. समुद्रसपाटीपासून उंची एकवीसशे मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही पुष्कळ वर. तेथे चांदणीच्या आकाराचे तळे आहे. मदुराईचे कलेक्टर लेव्हिंज यांनी १८६३ साली बांध घालून ते करविले. चिरंजीवांसाठीही तेथे एक खाऊ सापडला. १८९९ साली स्थापन झालेली सूर्याची वेधशाळा तेथे आहे, आणि सूर्यडागांतल्या वायूंच्या हालचालीचा शोध १९०९ साली एव्हरशेड यांनी तेथेच लावला. हे ऐकताच कानातले यंत्र बाहेर आले.

ठिकाणे ठरली, आता काळ. प्राध्यापकाला सुट्ट्या दोन, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. दोन्ही या बेताच्या मुळावर! आपल्याकडे पाऊस परतला, की तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिकडचा खरा पावसाळा. म्हणजे दिवाळीत शिलालेख वाचायचा तर छत्री धरून. मे महिन्यात तंजावरची फरशी तव्यासारखी तापते, आणि देवळात अनवाणी जावे लागते. कोडाईवर तर मे महिन्यात इतकी गर्दी लोटते, की २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. फेब्रुवारीअखेर चिरंजीवांची परीक्षा जवळ येते आणि मार्च महिन्यात बँकेतल्या माणसाने रजेचे नाव काढू नये. उरला जानेवारी. पोंगल आटोपलेला, पाऊस गेलेला, ऊन कोवळे. सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन करायचे आणि संध्याकाळी गाडीत बसायचे. चिरंजीवांची आठवडाभर शाळा बुडेल, या कल्पनेने आमच्या घरातले तीन पदवीधर बराच वेळ गंभीर झाले होते. चौथा गंभीर नव्हता.

क्रम सौ.ने लावला. आधी तंजावर, मग डोंगर. "आधी गारव्यात बसवून मग मला देवळे दाखवायला खाली उतरवाल, तर मी उतरणार नाही," असे तिचे म्हणणे. ते शास्त्रशुद्धही आहे. पुण्याहून चेन्नई, तेथे स्थानक बदलून रात्रीची गाडी, सकाळी तंजावर. मग तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलवरून डोंगराकडे. वाटेत 'कोडाई रोड' नावाचे स्टेशन लागते. नावावर भुलून कोणी सामानासह उतरू नये असे नाही. उतरावे, पण कोडाईकनाल तेथून सुमारे ऐंशी किलोमीटर वर आहे, हे ध्यानात ठेवावे. परतीची गाडी मदुराईहून, मीनाक्षीला हात जोडून.

या घाटाचे वर्णन ऐकल्यावर तात्यांनी आपला निर्णय जाहीर केला. "मी तंजावरलाच थांबतो. मला वाचायला पुष्कळ आहे. तुम्ही तिघे वर जाऊन या." पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस असे बोलतो तेव्हा त्यात इच्छा किती आणि दुसऱ्यावर भार नको ही भीती किती, ते ओळखणे कठीण असते. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले, की हरकत नाही. सावकाश चढा, वर पोचल्यावर एक दिवस विश्रांती घ्या, रात्री गरम कपडे घाला. तरी तात्यांचे "बघू" चालूच होते.

तो तिढा अखेर एका फुलाने सोडवला. पळणीच्या डोंगरात कुरिंजी नावाचे निळे-जांभळे फूल बारा वर्षांनी एकदा फुलते. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ती बहीण. कारवी सात वर्षांनी फुलते, ही बारा. प्राचीन तमिळ कवितेत डोंगराळ मुलखालाच कुरिंजी म्हणतात, आणि प्रेमिकांच्या मीलनाची कविता त्या मुलखाची. हे फूल २००६ साली फुलले, २०१८ साली फुलले. आता २०३० साली फुलेल. मी हे वाचून दाखवताच चिरंजीव म्हणाले, "मग २०३० सालीच जाऊ या की!"

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग तात्या हसून म्हणाले, "तू जा, बाळा. पण माझे तिकीट तेवढे एवढ्यात काढू नकोस."

सौ. ताटे उचलत होती, ती थांबली. "तात्या, या घरात सगळे पुढच्या खेपेसच ठरत आले. आईंचेही तसेच झाले. फूल नसले तर नसो. तुम्ही वर येणार नसाल तर मी घरातूनच निघणार नाही." आवाज चढला नव्हता, पण तिला नाही म्हणण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणाला झाले नसते. तात्यांनी थोडा वेळ पाण्याच्या तांब्याकडे पाहिले आणि विचारले, "वर थंडी फार असते का? माझी कानटोपी कुठे आहे?"

आता रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पूर्वीची एकशे वीस दिवसांची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून निम्मी झाली. तेव्हा फराळाचे डबे रिकामे होतील त्या सुमारास, नोव्हेंबरच्या अखेरीस, मी तिकिटांच्या मागे लागेन. तात्यांना खालचा बर्थ हवा, चिरंजीवांना वरचा. सौ.ला कोणताही चालेल, फक्त तिला कोणी उठवायचे नाही. तात्यांनी मोठे भिंग आणवून ठेवले आहे आणि रोज सकाळी मोडीची उजळणी चालू आहे. माझ्या टिपणवहीत शेवटची वाटणी अशी आहे. दोन सकाळी भिंतीला, एक दुपार ग्रंथालयाला, एक तास सूर्याला, आणि तळ्याकाठचे चार पूर्ण दिवस सौ.ला. आमच्या घरात इतकी मोठी वाटणी तंट्यावाचून झाल्याची नोंद मागच्या कोणत्याही दफ्तरात नाही, असे तात्या सांगतात. आणि दफ्तरातले त्यांना कळते.