वणव्याचं शास्त्र मोहाखाली पोचेल तेव्हा

विदर्भातला जवळजवळ प्रत्येक वणवा माणसाच्या हातून लागतो. मार्चमध्ये मोह फुलला की त्याची फुलं रात्रीतून गळतात आणि सागाच्या ताटाएवढ्या वाळक्या पानांत हरवतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी केली जाते. लोक घरी परततात आणि बुंध्याशी धुमसत राहिलेला विस्तव दुपारच्या वाऱ्याने पुढच्या पाचोळ्यात शिरतो. तेंदूला नवी, मऊ पालवी फुटावी म्हणून लावलेली आग हे दुसरं मोठं कारण. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो, तो याच कामांच्या दिवसांत येतो.

आग लागल्याची बातमी आता फार लवकर कळते. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ मध्ये उपग्रहांच्या मदतीने वणव्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा होता, नंतर आलेल्या व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. तो संवेदक वाहणारा उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जाताना तापलेले ठिपके टिपतो. ते जंगलाच्या हद्दीच्या नकाशावर ठेवले जातात आणि त्या त्या भागातल्या वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर एसएमएस पोचतो. नाव नोंदवलं तर कोणत्याही नागरिकाला तो मिळू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. नागपूरकरांना तर ती ठाऊक असायलाच हवी. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय इथे आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथे आहे आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं विभागीय केंद्रही इथेच आहे.

पण ३७५ मीटरचा ठिपका म्हणजे सुमारे १४ हेक्टर जंगल. आग नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्या संदेशातून कळत नाही. दुपारी तीनला पेटून रात्री दीडच्या आधी विझलेली आग त्या उपग्रहाला दिसतही नाही. शिवाय आग कुठे आहे हे कळलं, तरी ती पुढे काय करेल हा प्रश्न उरतोच. जंगलात प्रत्यक्ष आग झोडपणाऱ्या हंगामी मजुराला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वात जास्त हवं असतं आणि त्याच्यापर्यंतच ते सर्वात कमी पोचतं.

ते उत्तर अवघडही नाही. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ऑस्ट्रेलियाचे वनशास्त्रज्ञ अॅलन मॅकआर्थर यांचा आडाखा जगभर वापरला जातो. ज्वाळा चढाकडे झुकतात आणि वरचं गवत पेटण्याआधीच वाळवून ठेवतात. म्हणून टेकडीवर, आगीच्या वरच्या अंगाला उभं राहणं सर्वात धोक्याचं. उन्हं चढली की हवेतला ओलावा उतरतो, दुपारी तो तळाला जातो. सकाळी ओल्या फांदीने आवरणारी आग दुपारी चारला आवरत नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन मजूर मृत्युमुखी पडले. अशा माणसांच्या हाती पाचोळा उडवायचा ब्लोअर देण्याआधी, जानेवारीतच, त्यांच्याच बीटमधल्या टेकडीवर उभं राहून हे सारं समजावलं गेलं पाहिजे. सभागृहातल्या सादरीकरणाने ते होणार नाही.

वणव्याला आळा घालण्याचा देशातला पहिला मोठा प्रयोग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच झाला. १८६०च्या दशकात पीअर्सन या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात आग रोखून दाखवली. तोवर हे शक्य आहे यावरच फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पुढे मात्र सालाच्या काही जंगलांत आग पूर्ण बंद केल्यावर नवी रोपं येईनाशी झाली आणि वनाधिकाऱ्यांना पुन्हा विचार करावा लागला. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी आग लावत. ती थांबल्यावर घाणेरीचं रान माजलं, असं ते सांगतात आणि संशोधकांनी ते गांभीर्याने अभ्यासलं आहे. म्हणजे सगळ्या आगी सारख्या नसतात. पण लोकांपर्यंत जातं ते एकच वाक्य, आग वाईट.

अमेरिकेलाही हे उशिरा उमगलं. १९४४ पासून तिथल्या जाहिरातींतलं ‘स्मोकी’ अस्वल जंगलातल्या आगी टाळा म्हणून सांगत होतं. २००१ मध्ये त्याच्या घोषवाक्यात बदल झाला आणि ठरवून, काबूत ठेवून लावलेली आग त्यातून वेगळी काढली गेली. १९९८ मध्ये तिथे वणवा-विज्ञानाचा संयुक्त कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून पुढे १५ प्रादेशिक देवाणघेवाण केंद्रं उभी राहिली. शास्त्रज्ञ, जंगल सांभाळणारे अधिकारी आणि जमीनमालक यांना एकत्र आणणं हेच त्यांचं काम. साग-बांबूच्या विदर्भासाठी असं एखादं केंद्र नागपुरात असावं, असं मला मनापासून वाटतं.

अशा केंद्रात बोलण्याचा हक्क गावांनाही हवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच सोडलं. त्यासाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला परवडत नाहीत, हा त्यांचा स्वतःचा निष्कर्ष. हातचं उत्पन्न सोडून घेतलेला हा निर्णय कोणत्याही भित्तिपत्रकापेक्षा मोठा आहे. कोणती टेकडी दरवर्षी पेटते, कोण पेटवतं आणि का, हे गावाला ठाऊक असतं. उपग्रहाच्या नोंदींशेजारी या माहितीला जागा मिळाली तर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, कुठे घ्यायची हे नेमकं ठरवता येईल.

प्रत्येक गाव पाचगावसारखं उत्पन्न सोडू शकणार नाही. मोहाला मात्र तसा त्याग लागत नाही. छत्तीसगडमध्ये झाडाखाली जाळी बांधून फुलं गोळा केली जातात. फूल मातीला लागत नाही, खाण्याच्या प्रतीचं राहतं, चांगला भाव मिळवतं आणि पाचोळा पेटवावा लागत नाही. इथल्या गावांत ही जाळी न्यायची तर तिचे पैसे कोण देणार आणि स्वच्छ फूल चढ्या भावाने कोण घेणार, हे मोहाला कळ्या लागण्याआधी वनविभागाने ग्रामसभेत बसून ठरवायला हवं.